लोकांचा कौल आणि न्यायालयाचा उंबरठा

निवडणूक असो की सार्वमत असो, मतपेट्या उघडल्या, मतांची मोजदाद झाली आणि निकाल जाहीर झाला की एका पक्षाच्या दारी गुलाल उधळला जातो आणि दुसऱ्याच्या दारी सामसूम होते, हा सर्वच लोकशाही देशांतला रिवाज आहे. विजयी पक्षाने पुढे काय करावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पराभूत पक्षाने काय करावे याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. आपल्याकडे अलीकडे निवडणुकांनंतर मतदारयाद्या, मतदानयंत्रे आणि मतांची टक्केवारी यांविषयी जो गदारोळ उठतो तो पाहिला म्हणजे हा विचार करण्याची वेळ आली आहे याविषयी शंका उरत नाही. एक पक्ष म्हणतो, निकालच खोटा. दुसरा म्हणतो, निकालाविषयी जो प्रश्न विचारील तो जनतेचा अवमान करतो. या दोन टोकांच्या मधून कायद्याची एक वाट जाते. ती वाट कशी असावी हे पाहावयाचे असेल तर आयर्लंडमध्ये २०१८ साली गर्भपातविषयक सार्वमताच्या निकालास न्यायालयात जे आव्हान दिले गेले, त्याची हकीकत आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानी घ्यावी, असे आम्हांस वाटते.

आयर्लंड दूरचा देश खरा. परंतु तो आपल्याला अगदीच परका नाही. आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आपण आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतली, हे घटनेच्या विद्यार्थ्यास ठाऊक असते. २०१८ च्या या सार्वमताशी तर आपल्या परिसराचा दुहेरी संबंध आला. ते ज्यांनी लोकांपुढे ठेवले ते आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान लिओ वराडकर यांचे पितृकुल सिंधुदुर्गातील मालवण तालुक्याच्या वराड गावचे; आणि जिच्या मृत्यूने आयर्लंडचे अंतःकरण हलले ती सविता हलप्पनवार ही तरुणी बेळगावची. त्या देशाची एक रीत मात्र आपल्याहून अगदी निराळी आहे. आपल्याकडे संसद घटना दुरुस्त करू शकते. आयर्लंडमध्ये घटनेचे एक अक्षरही लोकांना विचारल्यावाचून बदलता येत नाही. संसदेने विधेयक संमत करावे, लोकांनी त्यावर ‘होय’ की ‘नाही’ ते सांगावे आणि मगच राष्ट्राध्यक्षांनी स्वाक्षरी करावी, असा तेथील क्रम आहे.

या क्रमानेच ७ सप्टेंबर १९८३ रोजी तेथे आठव्या घटनादुरुस्तीसाठी मतदान झाले. माता आणि तिच्या उदरातील अजात जीव या दोघांचा जगण्याचा हक्क समान आहे, असे कलम त्या कौलाने घटनेत आले. मतदारांपैकी ६६.९ टक्क्यांनी त्यास संमती दिली. गर्भपात तेथील कायद्याने आधीच निषिद्ध होता; आता त्या निषेधाला घटनेचे कवच लाभले. परंतु घटनेचे एक वाक्य लिहिणे सोपे आणि त्याबरहुकूम माणसांचे संसार चालविणे कठीण! १९९२ साली बलात्काराला बळी पडलेल्या चौदा वर्षांच्या एका मुलीला गर्भपातासाठी इंग्लंडला जाण्यास खुद्द सरकारच्या ॲटर्नी जनरलने न्यायालयातून मनाई आणविली, आणि सर्वोच्च न्यायालयाला ती उठवावी लागली. मातेच्या जिवाला खरा आणि गंभीर धोका असेल, मग तो आत्महत्येचा का असेना, तर गर्भपात करता येईल, असा त्या न्यायालयाने अर्थ लावला. आत्महत्येचे कारण वगळावे म्हणून १९९२ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये लोकांपुढे प्रस्ताव ठेवण्यात आले. दोन्ही वेळा लोकांनी ते नाकारले. दुसऱ्या वेळी तर अंतर अवघे १०,५५६ मतांचे होते.

सविता हलप्पनवार ही व्यवसायाने दंतवैद्य होती. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, सतरा आठवड्यांची गर्भवती असताना, ती गॉलवे येथील रुग्णालयात दाखल झाली. गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांना दिसत होते. तिने गर्भपाताची विनंती केली. परंतु गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत तोवर कायदा आड येतो, असे तिला सांगण्यात आले. जंतुदोष रक्तात भिनला आणि २८ ऑक्टोबर रोजी वयाच्या एकतिसाव्या वर्षी तिचा अंत झाला. पुढे झालेल्या अधिकृत चौकशीने रुग्णालयातील देखरेखीच्या उणिवांवर बोट ठेवले आणि कायदा सुस्पष्ट करण्याची आवश्यकताही प्रतिपादिली. बेळगावात तिच्या आईवडिलांच्या घरी पसरलेला अंधार डब्लिनच्या रस्त्यांवर मेणबत्त्यांच्या मिरवणुकींतून प्रकट झाला. तिच्या मृत्यूनंतर २०१३ साली मर्यादित कायदा झाला. तथापि घटनेतील मूळ कलम जागच्या जागी राहिले.

त्यानंतर त्या देशाने घाई केली नाही. सामान्य नागरिकांतून निवडलेल्या ९९ जणांची एक सभा न्यायमूर्ती मेरी लॅफॉय यांच्या अध्यक्षतेखाली भरविण्यात आली. तिने तज्ज्ञांचे आणि दोन्ही बाजूंच्या लोकांचे म्हणणे ऐकून घेतले. तिच्या शिफारशींची संसदीय समितीने छाननी केली. आणि मग २५ मे २०१८ रोजी सार्वमत झाले. ६४ टक्क्यांहून थोड्या अधिक मतदारांनी मतदान केले. आठवी दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने १४,२९,९८१ आणि विरुद्ध ७,२३,६३२ मते पडली. चाळीस मतदारसंघांपैकी डोनेगल हा एकच अपवाद ठरला. ६६.४ टक्के लोकांनी, पस्तीस वर्षांपूर्वी जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी घटनेत घातलेले कलम, काढून टाकण्याचा कौल दिला.

परंतु कौल मिळाला म्हणजे घटना बदलली असे झाले नाही. १९९४ च्या आयरिश सार्वमत कायद्याप्रमाणे निकालाचा दाखला प्रथम तात्पुरता असतो. तो प्रसिद्ध झाल्यापासून सात दिवसांच्या आत कोणाही मतदाराला उच्च न्यायालयाकडे जाऊन त्यास आव्हान देण्याची परवानगी मागता येते. ही परवानगी मागेल त्याला मिळत नाही. मतदानात कायद्याचा भंग झाला, अडथळा आणला गेला, चूक वा अनियमितता घडली, याचा प्रथमदर्शनी पुरावा अर्जदाराने दिला पाहिजे; आणि त्या दोषाचा सार्वमताच्या एकूण निकालावर वास्तविक परिणाम होण्याजोगा आहे, अशी न्यायालयाची खात्री पटली पाहिजे. दार उघडे आहे, परंतु त्याला उंबरठा आहे, आणि तो उंचही आहे.

तीन नागरिक त्या दाराशी गेले. मतदारयाद्यांतील त्रुटी, सार्वमत आयोगाने घरोघर पाठविलेल्या माहितीपुस्तिकेतील मजकूर, मंत्र्यांनी प्रचारात केलेली विधाने अशा स्वरूपाच्या त्यांच्या तक्रारी होत्या. उच्च न्यायालयाचे अध्यक्ष न्यायमूर्ती पीटर केली यांनी त्या ऐकून घेतल्या आणि २० जुलै २०१८ रोजी तिन्ही अर्ज फेटाळले. अर्जदारांनी दोष सांगितले, परंतु त्या दोषांमुळे निकाल पालटला असण्याचा पुरेसा पुरावा दिला नाही, असे त्या निर्णयाचे सार होते. त्यांपैकी दोघे अपील न्यायालयाकडे गेले. ऑगस्टच्या अखेरीस तेथेही अपयश आले. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर रोजी पुढील अपील ऐकण्यास नकार दिला. बरोबर पस्तीस वर्षांपूर्वी याच तारखेला आठव्या दुरुस्तीसाठी मतदान झाले होते! १८ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनी घटनादुरुस्तीवर स्वाक्षरी केली, त्यानंतर कायद्याचे विधेयक संसदेपुढे आले आणि १ जानेवारी २०१९ पासून त्याचा अंमल सुरू झाला.

या प्रकरणी त्या वेळी अनेकांनी त्रागा केला. सात लाख मतांनी निर्णय लागल्यावर तीन माणसांनी सबंध राष्ट्राला ताटकळत ठेवावे हा कोणता न्याय, असा त्यांचा सवाल होता. त्यामागील तळमळ आम्ही जाणतो. परंतु आमचे मत असे की न्यायालयात जाणे हा त्या तिघांचा हक्क होता, आणि त्यांच्या जाण्याने लोकमताची प्रतिष्ठा यत्किंचितही उणावली नाही, उलट वाढली. ज्या निकालाची परीक्षा घेण्याची सोयच नाही त्यावर विजयी पक्षाने कितीही विश्वास ठेवला तरी पराभूताचा तो कधी बसावयाचा नाही. आणि निकालाची खरी कसोटी पराभूताच्या विश्वासातच असते. विजयी पक्षाला तो मानणे कधीच जड जात नाही.

न्यायालयाचे हे दार शोभेसाठी ठेवलेले नाही, हेही आयर्लंडच्याच इतिहासाने दाखविले आहे. १९९५ साली घटस्फोटाची मनाई उठविण्यासाठी तेथे सार्वमत झाले. ‘होय’च्या बाजूने प्रचार करण्यासाठी सरकारने पाच लाख पौंडांचा सार्वजनिक निधी काढला होता. पॅट्रिशिया मकेना या बाईंनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि मतदानाच्या अवघा आठवडा आधी, १७ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने हा खर्च घटनाबाह्य ठरविला. कराचा पैसा दोन्ही बाजूंच्या नागरिकांचा असतो. तो एकाच बाजूच्या ढोलावर उधळता येणार नाही, हे तत्त्व त्या निर्णयाने प्रस्थापित झाले. २४ तारखेला मतदान झाले आणि घटस्फोटाचा पक्ष केवळ ९,११४ मतांनी जिंकला. डेस हॅनफिन यांनी निकालास आव्हान दिले. सरकारची चूक तर न्यायालयानेच मान्य केलेली होती. पण त्या चुकीमुळे निकाल पालटला हे दाखविता आले नाही आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आव्हान फेटाळले.

येथे आमचे चोखंदळ वाचक थबकतील. ४,५५८ मतदारांनी बाजू बदलली असती तर घटस्फोटाचा निकाल उलटा लागला असता. मग सरकारी पैशाने इतकीही मने वळली नसतील, असे कसे म्हणावे? शंका रास्त आहे, आणि आयरिश न्यायालयाला पुढे तिचा विचार करावा लागला. २०१२ साली बालकांच्या हक्कांसंबंधीच्या सार्वमताच्या दोनच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या पुस्तिकेवर आणि संकेतस्थळावर निःपक्षपाती नसल्याचा ठपका ठेवला. तरीही ५८ टक्के मतांनी ती दुरुस्ती संमत झाली, आणि तिलाही आव्हान देण्यात आले. २०१५ च्या निर्णयात न्यायालयाने कसोटी अधिक स्पष्ट केली. निकाल खात्रीने निराळा लागला असता, हे सिद्ध करण्याचे ओझे अर्जदारावर नाही. तो निराळा लागला असता अशी वाजवी शक्यता आहे आणि सुबुद्ध माणसाचा त्या निकालावर विश्वास राहणार नाही, इतके त्याने दाखविले की पुरे. ही कसोटी आम्हांस समतोल वाटते. मनुष्याच्या मनात शिरून त्याने मत का दिले हे कोणत्याही न्यायालयाला पाहता येत नाही. आणि मतदान तर गुप्त असते.

या कसोटीवर २०१८ चा निकाल घासून पाहावा. अंतर होते ७,०६,३४९ मतांचे. निकाल उलटण्यासाठी किमान ३,५३,१७५ मतदारांनी केवळ त्या कथित दोषांपायी भलत्याच बाजूला मत दिले असे मानावे लागले असते. मतदारयाद्यांत चुका असतात, तशा त्या आपल्याकडेही असतात. परंतु याद्यांतील काही नावांच्या घोळावरून साडेतीन लाख मतांपर्यंत उडी मारावयाची तर मध्ये पुराव्याचा पूल हवा. अर्जदारांजवळ तो नव्हता.

आम्ही काही वर्षे शाळेत अध्यापन केले. परीक्षेचा निकाल लागला की गुणांच्या फेरतपासणीसाठी अर्ज येत. ‘तिसऱ्या प्रश्नाचे गुण बेरजेत धरलेले नाहीत’ असे जो लिही, त्याची उत्तरपत्रिका आम्ही तात्काळ काढीत असू, आणि कधीकधी त्याचे म्हणणे खरेही निघे. परंतु ‘पेपर अवघड होता, परीक्षक कडक होता, सबब मला उत्तीर्ण करावे’ असाही अर्ज एखादा करी. पहिल्याची मागणी बेरीज तपासण्याची होती, दुसऱ्याची परीक्षाच पुन्हा घेण्याची. सार्वमताच्या निकालावरील अर्जांतही हाच भेद करावा लागतो. न्यायालय बेरीज तपासू शकते, पद्धत तपासू शकते. लोकांनी दिलेले उत्तर बरोबर होते की चूक, हे ठरविण्याचे ते स्थान नव्हे.

कोणी म्हणेल, असे अर्ज नेहमी फेटाळलेच जात असतील तर त्या दाराचा उपयोग काय? त्याचे उत्तर स्वित्झर्लंडने २०१९ साली दिले आहे. विवाहित जोडप्यांवर पडणाऱ्या वाढीव कराविरुद्ध तेथे २८ फेब्रुवारी २०१६ रोजी सार्वमत झाले होते. या कराची झळ नोकरी करणाऱ्या ८०,००० जोडप्यांना बसते, असे सरकारने मतदारांना सांगितले; ५०.८ टक्क्यांनी प्रस्ताव पडला. पुढे सरकारनेच कबूल केले की खरा आकडा सुमारे ४,५४,००० होता! तेव्हा १० एप्रिल २०१९ रोजी तेथील सर्वोच्च संघीय न्यायालयाने तो निकाल रद्द केला. देशव्यापी सार्वमत रद्द होण्याचा त्या देशाच्या इतिहासातील तो पहिलाच प्रसंग. दोष मोठा, सरकारच्याच हातून घडलेला, मतदानाच्या ऐन विषयाशी भिडणारा; आणि अंतर निसटते. हे सर्व एकत्र आले तेव्हा न्यायासनाने कच खाल्ली नाही. उंबरठा उंच असला तरी ओलांडता येतो, हे यावरून दिसते.

मात्र विलंबाची एक किंमत असते आणि ती बहुधा त्या वादात नसलेल्या माणसांना मोजावी लागते. बालकांच्या हक्कांची दुरुस्ती २०१२ च्या नोव्हेंबरात संमत झाली. न्यायालयीन लढा संपून तिच्यावर स्वाक्षरी व्हावयास २०१५ चा एप्रिल उजाडला. गर्भपाताच्या बाबतीत न्यायालयांनी सारे प्रकरण साडेतीन महिन्यांत निकालात काढले, हे त्यांचे श्रेय आहे. तरीही २०१८ या एका वर्षात इंग्लंड व वेल्समधील रुग्णालयांत आयर्लंडचा पत्ता देऊन गर्भपात करवून घेणाऱ्या स्त्रियांची संख्या २,८७९ होती. सार्वमत झाल्यानंतरच्या महिन्यांतही त्या बोटीची आणि विमानाची तिकिटे काढीतच होत्या. ज्यांच्यासाठी कौल मागितला गेला त्यांच्या दृष्टीने प्रत्येक आठवड्याला मोल होते. कारण गर्भाचे दिवस न्यायालयाच्या तारखांसाठी थांबत नाहीत. म्हणून आव्हानाचा हक्क आणि निर्णयाची तत्परता ही दोन्ही बरोबरच चालली पाहिजेत.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे गर्भपाताचा प्रश्न सार्वमताने सुटला नाही. १९६४ साली नेमलेल्या शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींनंतर १९७१ मध्ये संसदेने कायदा केला आणि २०२१ मध्ये तो दुरुस्त केला. ज्या प्रश्नावर आयर्लंड पस्तीस वर्षे दुभंगले तो आपण बराचसा शांतपणे हाताळला, याचे समाधान मानावयास हरकत नाही. परंतु निकालास आव्हान देण्याच्या बाबतीत तसे समाधान मानता येईल काय? १९५१ चा आपला लोकप्रतिनिधित्व कायदा आयरिश कायद्याशी पुष्कळ मिळताजुळता आहे. पंचेचाळीस दिवसांत अर्ज करावा. अनियमिततेचा आक्षेप असेल तर तिच्यामुळे निकालावर वास्तविक परिणाम झाल्याचे दाखवावे. सहा महिन्यांत निर्णय देण्याचा न्यायालयाने प्रयत्न करावा, असे त्यात लिहिले आहे. कागदावर सर्व यथास्थित आहे. व्यवहारात मात्र कित्येक अर्ज इतके रेंगाळतात की सभागृहाची मुदत संपते, पुढची निवडणूक येते, आणि मागच्या निकालाचा अर्ज धूळ खात पडून राहतो. उशिरा मिळालेला असा न्याय कोणाच्याही उपयोगी पडत नाही. आणि न्यायालयातला मार्ग लांबला की वाद रस्त्यावर येतो.

विजयी पक्षाने हे दारच बंद करण्याचा यत्न केला म्हणजे काय होते, याचाही अनुभव आपल्या गाठी आहे. १९७१ च्या रायबरेलीच्या निवडणुकीवरील अर्जाचा निर्णय अलाहाबाद उच्च न्यायालयात १२ जून १९७५ रोजी, म्हणजे चार वर्षांनी लागला. न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरविली. त्याच महिन्यात आणीबाणी पुकारली गेली आणि ऑगस्टमध्ये एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांची निवडणूक वैध ठरविली, पण दार बंद करणारे ते कलम मात्र उचलून टाकले. आपला निकाल तपासला जाऊ नये असे ज्याला वाटते त्याच्या हाती लोकशाही किती सुरक्षित राहते, हे त्या वर्षाने आपल्याला शिकविले.

पराभव कसा पचवावा, याचाही धडा आपल्याजवळ आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकात जनमत कौल घेण्यात आला. महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे असेल तर ‘फूल’, केंद्रशासित राहावयाचे असेल तर ‘दोन पाने’, अशी चिन्हे होती. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. मराठी माणसाच्या हा निकाल जिव्हारी लागला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यानंतर जे घडले ते त्याहून अधिक स्मरणीय आहे. त्याच वर्षीच्या निवडणुकीत विलीनीकरणाचा पुरस्कार केलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा बहुमताने निवडून आला, भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि जो कौल त्यांना नको होता तो मान्य करून त्यांनी केंद्रशासित गोव्याचा कारभार पाहिला. जनतेने एका प्रश्नावर आपल्याला ‘नाही’ म्हटले म्हणजे तिने आपल्याला टाकले असे होत नाही.

आयर्लंडच्या हकीकतीतून आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट हीच. १९८३ साली आठव्या दुरुस्तीला विरोध करणारे दोन विरुद्ध एक अशा प्रमाणात हरले होते. त्यांना तो निकाल अन्यायाचा वाटत होता. त्यांनी न्यायालयांत दाद मागितली, संसदेत भांडले, रस्त्यावर उतरले. परंतु अखेर त्यांना जे मिळाले ते पस्तीस वर्षे आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची मने वळवून मिळाले. आज जे पराभूत झाले आहेत त्यांनाही तीच वाट मोकळी आहे. गर्भातील जीवाविषयी ज्यांची श्रद्धा प्रामाणिक आहे त्यांना वेड्यात काढण्याचे कारण नाही. ७,२३,६३२ माणसांचे मत हे मतच असते. त्यांनी पुन्हा लोकांकडे जावे, आपले म्हणणे पटवावे, आणि पटले तर लोक पुन्हा घटना बदलतील. मतदानाची रीत बिघडली असेल तर अपील न्यायालयाकडे. परंतु लोकांचे मत चुकले असे वाटत असेल तर अपील लोकांकडेच!

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. पराभूतांनी संशयाची राळ उडविण्यापूर्वी पुरावा गोळा करावा आणि तो न्यायासनापुढे मांडावा. तेथे निर्णय विरुद्ध गेला तर तो स्वीकारावा. विजयी पक्षाने प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही ठरविण्याचा मोह आवरावा. ज्याचे नाणे खणखणीत आहे त्याने ते वाजवून पाहणाऱ्यावर रागावू नये. आणि न्यायालयांनी, विशेषतः आपल्या न्यायालयांनी, अशा अर्जांना दिवसांचा हिशेब लावावा, वर्षांचा नव्हे. बेळगावच्या एका लेकीच्या मृत्यूनंतर परक्या देशाने सहा वर्षे विचार केला, मत दिले, त्या मताची कायद्याने परीक्षा होऊ दिली आणि मगच आपली घटना बदलली. त्यात कोणाची डोकी फुटली नाहीत, की कोणाला तुरुंगात जावे लागले नाही. जो देश हे करू शकतो त्याच्याकडून शिकण्यात आपल्याला कमीपणा वाटण्याचे काहीच कारण नाही.